गाडी तापते कधी, यावरून दोष ओळखावा

मुंबईहून नाशिककडे जाताना कसारा घाटात किंवा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीत, ऐन मे महिन्यात बोनेट उघडून थांबलेली एखादी तरी गाडी दिसतेच. तिच्यात पाणी ओतून पुढे निघणे ही तात्पुरती सोय झाली, दुरुस्ती नव्हे. कूलंट (इंजिनाची उष्णता वाहून नेणारा द्रव) हे पेट्रोलसारखे जळून संपत नाही. ते कमी झाले असेल तर कुठून तरी गळालेले असते, आणि पातळी बरोबर असूनही इंजिन तापत असेल तर उष्णता बाहेर टाकण्याच्या मार्गात कुठेतरी अडथळा असतो.

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागताच एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून ब्लोअर मोठा करावा आणि सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी. हीटरचा गाभाही एक छोटा रेडिएटरच, म्हणजे कूलंट हवेने गार करणारी जाळी, असल्याने थोडी उष्णता तिथून निघून जाते. वाफ दिसली किंवा लाल दिवा लागला, तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करावे. काटा अचानक खाली आला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण कूलंट वाहून गेल्यावर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा कमी तापमान दाखवू शकतो.

इंजिन पुरते निवेपर्यंत, म्हणजे किमान अर्धा-पाऊण तास, कूलंटच्या झाकणाला हात लावू नये. साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, परंतु झाकणाने साधारण १ बार जादा दाब धरून ठेवला की उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. गरम असताना झाकण फिरवले की हा दाब एकदम सुटतो आणि उकळते कूलंट उसळून अंगावर येते. झाकणाचा रबर चिरला किंवा स्प्रिंग ढिली पडली असेल, तर दाब टिकत नाही आणि बाकी सारे ठीक असूनही कूलंट लवकर उकळते. झाकण तुलनेने स्वस्त असते, त्यामुळे शंका असल्यास तेच आधी बदलावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, कारण त्याने हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

गाडी निवल्यावर कूलंटच्या बाटलीतील पातळी पाहावी आणि ती कमी असल्यास गळती शोधावी. होज पाइपांच्या क्लिपांजवळ, रेडिएटरच्या कडेला आणि वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचे रंगीत किंवा पांढरट डाग दिसतात. पुढच्या सीटखालची चटई ओली असेल आणि काचेवर गोडसर वासाचा चिकट थर धरत असेल, तर हीटर गळतो आहे असे समजावे.

पातळी बरोबर असेल, तर गाडी नेमकी कधी तापते हे आठवावे. सिग्नलला किंवा वाहतूक कोंडीत तापते आणि वेग धरताच काटा खाली येतो, असे असल्यास रोख रेडिएटरच्या फॅनवर ठेवावा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर फॅन सुरू होतो. तसे न झाल्यास फ्यूज, रिले, वायरिंग आणि मोटर या क्रमाने तपासणी करावी. इंजिन बंद असतानाही फॅन आपोआप फिरू शकतो, म्हणून बोटे त्यापासून दूर ठेवावीत.

याउलट हायवेवर किंवा घाटात तापणाऱ्या गाडीत कूलंटचा किंवा हवेचा प्रवाह अपुरा पडतो. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकले असतील तर ती आतून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने तिच्या पातळ पट्ट्या वाकतात. बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे भरले असल्यास रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात, म्हणूनच कूलंट नेहमी डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे. इंजिन चांगले तापूनही रेडिएटरकडे जाणारे पाइप गारच राहिले, तर बहुधा थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंट तापल्यावर ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडत नसतो.

थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला अनेक गॅरेजांत सर्रास दिला जातो, आणि तो साफ चुकीचा आहे. सुमारे ८० ते ९० अंशांवर उघडणारा हा भाग इंजिनाला योग्य तापमानापर्यंत लवकर नेतो. तो काढल्यास इंजिन गार राहते, इंधन जास्त लागते, आणि काही इंजिनांत तर कूलंट रेडिएटर टाळून बायपासनेच फिरू लागल्यामुळे गाडी उलट अधिक तापते.

गार इंजिन सुरू केल्यावर काही क्षणांतच वरचा होज दगडासारखा कडक होणे, बाटलीत सतत बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत राहणे किंवा ऑइल दुधाळ होणे ही हेड गॅस्केट (हेडखालचे सील) गेल्याची लक्षणे आहेत. अशी गाडी चालवत नेऊ नये. ती टो करूनच गॅरेजात न्यावी.

दुरुस्तीनंतर कूलंट भरताना आत हवा अडकली तर नवा थर्मोस्टॅटही कामी येत नाही. गाडीचे तोंड थोडे चढावर ठेवून हीटर गरमवर लावावा, एअर ब्लीड स्क्रू असल्यास तो हळूच सैल करून हवा जाऊ द्यावी आणि फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन सुरू ठेवावे. इंजिन रात्रभर निवल्यावर सकाळी पातळी पुन्हा पाहून कूलंट खुणेपर्यंत भरावे. काढलेले जुने कूलंट विषारी असून चवीला गोड असते. उघड्या घमेल्यात ठेवल्यास कुत्री-मांजरे ते चाटतात, म्हणून ते लगेच झाकणाच्या डब्यात भरून ठेवावे.