कॅनडाला जून ते ऑक्टोबरमध्ये येताय? बॅग भरायच्या आधी हवामान असं बघा

एप्रिल उजाडला की आमच्या फॅमिली ग्रुपवर ठरलेला प्रश्न येतो, "कॅनडात जुलैला थंडी किती असते रे, स्वेटर किती आणू?" आता मी टोरांटोजवळ मिसिसागाला राहतो, पण याचं उत्तर एका ओळीत देताच येत नाही. आई-बाबा पहिल्यांदा आले ते जुलैतच. आई एअरपोर्टच्या दारातून बाहेर आली ती फुल स्वेटर आणि लोकरीच्या मोज्यांत, बाबांच्या डोक्यावर माकडटोपी. बाहेर 31 डिग्री आणि हवा अशी चिकट की पार्किंगपर्यंत जाईस्तोवर सगळ्यांना घाम. आई म्हणाली, "अरे, हे तर दादरच आहे की." घरी आल्या आल्या तिने गरम कपडे कपाटाच्या वरच्या खणात टाकले, आणि दोन आठवड्यांनी आम्ही पश्चिमेकडच्या रॉकीज पर्वतातल्या बॅन्फला गेलो तेव्हा ते सगळे तिथेच राहिले. तिथल्या लेक लुईस तळ्याला सकाळी सात वाजता 5 डिग्री होतं. गिफ्ट शॉपमधून जो हुडी घेतला त्याची किंमत ती अजून रुपयांत करून सांगते.

म्हणून हे नीट लिहून ठेवतोय.

स्टेप 1: "कॅनडाचं हवामान" शोधू नका, गावाचं शोधा

टोरांटो ते व्हँकुव्हर विमानाने पाच तास लागतात, गाडीने गेलात तर 4,400 किलोमीटर. एवढ्या अंतरात हवामान एकसारखं कसं असेल? जुलैत टोरांटोला दुपारी सरासरी 27 डिग्री, कॅलगरीला 23, व्हँकुव्हरला 22, आणि पार पूर्वेच्या टोकाला सेंट जॉन्सला कसंबसं 20, ते पण धुकं नसेल तर. तिथे लॅब्राडॉरकडून येणारा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचं गरम पाणी एकत्र येतं, म्हणून समोरचा दीपस्तंभ दिसत नाही एवढं धुकं पडतं. त्यामुळे आधी कागदावर गावं लिहा आणि पुढे तारखा, बाकीचं नंतर.

स्टेप 2: रात्रीचा आकडा बघा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची स्टेप आहे आणि हीच सगळे विसरतात. ॲपवर मोठ्या अक्षरात दिसतं ते दुपारचं तापमान, आणि आपण त्यावर बॅग भरतो. बॅन्फला जुलैत दुपारी 22 म्हणजे मस्तच, पण रात्री 7 च्या आसपास, आणि लेक लुईस तर 1,700 मीटरच्या वर आहे (आपलं महाबळेश्वर साधारण 1,350). कॅलगरीलाही जुलैच्या रात्री 10 पर्यंत उतरतात. टोरांटोला मात्र रात्रीही 18-20 असतं, तिथे पंखा लागतो.

म्हणजे एक जाड जॅकेट आणण्यापेक्षा टी-शर्ट, त्यावर पातळ फ्लीस, त्यावर वाऱ्यापावसाचं हलकं जॅकेट असे तीन थर आणा, सकाळी तिन्ही घाला आणि दुपारी दोन काढून पाठीवरच्या सॅकमध्ये टाका. आणि हो, ते थर घरच्या कपाटात ठेवून बॅन्फला जाऊ नका.

स्टेप 3: ह्युमिडेक्स समजून घ्या

इथे बातम्यांत सांगतात, "आज 32, पण ह्युमिडेक्स 41." म्हणजे हवेतल्या दमटपणामुळे अंगाला 41 सारखं वाटणार. टोरांटो, ओटावा, मॉन्ट्रियल या पट्ट्यात जून शेवट ते ऑगस्ट असे दिवस येतातच. आपण मुंबई-कोकणातली माणसं, आपल्याला काय त्याचं, असं वाटतं, पण इथली बरीच जुनी घरं थंडीसाठी बांधलेली आहेत, उकाडा आतच कोंडून राहतो. राहायची जागा बुक करताना एसी आहे का हे विचाराच, व्हँकुव्हरलासुद्धा. 2021 च्या जूनमध्ये व्हँकुव्हरच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लिटन गावी 49.6 डिग्री नोंदवलं गेलं, कॅनडातला आजवरचा उच्चांक, आणि दुसऱ्या दिवशी वणव्यात ते गावच जवळजवळ सगळं जळालं.

स्टेप 4: धुराची तयारी ठेवा

हे दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं नसतं. आता मे ते सप्टेंबर हा वणव्यांचा सीझन धरूनच चालायचं. 2023 चा सीझन तर रेकॉर्डच होता, त्या जूनमध्ये क्विबेकमधल्या आगींचा धूर टोरांटोवर येऊन बसला होता, सूर्य भर दुपारी नारिंगी. 2024 च्या जुलैत रॉकीजमधलं जास्पर गाव रिकामं करावं लागलं आणि गावातल्या साधारण एक तृतीयांश इमारती गेल्या.

करायचं काय? एक, इथल्या हवामान खात्याचं वेदरकॅन ॲप टाका, इशारे त्यावर येतात. दोन, इथला हवेचा निर्देशांक आपल्यासारखा 500 पर्यंत नसतो, तो 1 ते 10 आणि त्यावर 10 प्लस असतो, त्यामुळे "आज 8" वाचून पुण्याच्या हिशेबाने खूश होऊ नका, 7 च्या पुढे म्हणजे वाईट हवा. दमा असेल तर एन 95 मास्क आणि इनहेलर केबिन बॅगेत. तीन, रॉकीजमधली हॉटेलं कॅन्सल करता येतील अशीच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

स्टेप 5: महिना ठरवा

जून: दिवस मोठ्ठा. टोरांटोला सूर्य नऊला मावळतो, एडमंटनला दहाच्या पुढे. आईचा रोजचा प्रश्न, "दिवा लावायचा तरी कधी?" पण जूनमध्ये ओन्टारिओच्या (टोरांटोचा प्रांत) जंगलात ब्लॅक फ्लाय नावाच्या बारीक माश्या असतात, कानामागे चावतात आणि रक्त येतं तरी कळत नाही, मग डास. लांब बाह्यांचे फिक्या रंगाचे कपडे आणि इकारिडिनवाला (डास-माश्या पळवणारा) स्प्रे. घरून ओडोमॉस आणलंत तरी स्प्रे इथूनच घ्या. रॉकीजमधल्या उंचावरच्या ट्रेल्सवर तेव्हा बर्फ असतो, मोरेन लेकचा रस्ताही जूनच्या सुरुवातीलाच उघडतो, तिथे खासगी गाडी 2023 पासून बंद आहे, शटल बस आधी बुक करायची.

जुलै-ऑगस्ट: सगळं उघडं, सगळीकडे गर्दी, सगळं महाग. अल्बर्टात (कॅलगरी, बॅन्फ यांचा प्रांत) दुपारनंतर वादळं होतात आणि कॅलगरीच्या आसपास गारपीट म्हणजे चेष्टा नाही, 5 ऑगस्ट 2024 ला एअरपोर्टच्या टर्मिनलचा काही भाग बंद करावा लागला होता. भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स घेताना गारांचं नुकसान धरलंय का ते वाचा. डोंगरात फिरायचं ते सकाळी, दोनच्या आत खाली. व्हँकुव्हर मात्र या दोन महिन्यांत जवळपास कोरडं असतं. तिथला तो प्रसिद्ध पाऊस ऑक्टोबरपासून.

सप्टेंबर: मला विचाराल तर हाच महिना. डास गेलेले, शाळा सुरू झाल्याने गर्दी कमी. रॉकीजमध्ये महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात लार्चची (सुईसारख्या पानांची) झाडं पिवळीधमक होतात, पण बर्फही पडू शकतो. पार उत्तरेच्या यलोनाईफला ऑगस्ट मध्यापासून रात्र पुरेशी काळी होते, तेव्हा ऑरोरा, म्हणजे आकाशातला रंगीत प्रकाश, दिसतो आणि कडाक्याची थंडीही सोसावी लागत नाही. पूर्व किनाऱ्याला, म्हणजे नोव्हा स्कोशिया वगैरे, जाणार असाल तर चक्रीवादळांचा सीझन लक्षात ठेवा, फियोना 24 सप्टेंबर 2022 ला तिथेच धडकलं होतं. परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवा.

स्टेप 6: लाल पानांसाठी तारखांशी जुगार खेळा

मेपलची लाल पानं बघायलाच निम्मे लोक येतात. टोरांटोहून तीन तासांवरच्या अल्गॉन्क्विन पार्कात शुगर मेपल बहुधा सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा एवढ्यातच रंगतं, आणि एका रात्रीच्या जोरदार वाऱ्याने झाड रिकामं होतं. टोरांटो शहरात हाच रंग दोन-तीन आठवडे उशिरा येतो, त्यामुळे एक हुकलं तर दुसरं मिळतं. शक्यतो मंगळवार-बुधवार धरा, पार्कचा परमिट ऑनलाइन आधी काढा, वीकेंडचे परमिट आधीच संपतात.

आम्ही 1 ऑक्टोबरला गेलो होतो, सकाळी 3 डिग्री, तळ्यावरून वाफ निघत होती. बाबांची माकडटोपी शेवटी तिथे, लुकआउट ट्रेलच्या चढावर बाहेर निघाली आणि या वेळी आईने काही टोमणा मारला नाही कारण तिने स्वतः शाल डोक्यावरून घेतली होती. परतताना मात्र उशीर करू नका, तेव्हा सातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि हायवे 60 वर मूस आडवा येतो. घोड्याएवढं काळपट जनावर, हेडलाइटच्या उजेडात अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही, म्हणून पाचलाच चहा संपवून गाडीत बसा.