खानापूर रोडवरचा फ्लेक्स गाडीतून वाचता येत नव्हता, आता येतो

लक्षण असं: बेळगावातल्या कुंद्याच्या (दुधाची मिठाई) दुकानाचा फ्लेक्स उभ्याने छान वाचता यायचा, पण गाडीवाले वळण ओलांडून पुढे जायचे आणि मग फोन करून विचारायचे. निळ्यावर लाल अक्षरं, जास्त दिवे, मालकाचा फोटो मोठा, सगळं करून झालं. डोकं पिकलं.

उपयोग झाला तो असा. आधी फ्लेक्स पहिल्यांदा दिसतो तिथून अंतर मोजलं: 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फूट. ताशी 60 किमी वेगाला हे साडेतीन सेकंदांत संपतं. म्हणून फोन नंबर, पत्ता, 'शुद्ध तुपातील' सगळं काढलं. उरलं 'कुंदा' आणि डावीकडे वळा सांगणारा बाण. मग अक्षराची उंची: ठोकताळा दर 10 फुटांना 1 इंच, म्हणजे 20 इंच. ही शिरोरेषेपासून पायापर्यंतची मोजायची. डिझाइन करणारे डीटीपीवाले मात्रा-उकार धरून मोजतात आणि तिथेच अक्षर बारीक होतं. 'कुंदा'चा अनुस्वार आणि उकार मिळून आणखी 15 इंच खातात.

फ्लेक्स 15 बाय 8 फुटांचा. कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे वरचा 60 टक्के भाग कन्नडला, खालच्या 38 इंचांत मराठीची एकच ओळ बसते. बाण दोन्हींच्या शेजारी. पिवळ्यावर काळं, जाड फॉन्ट. मात्र 'द'ची पोकळी बुजेल इतका जाड नको.

छापण्याआधी डिझाइन वीसपट लहान, 9 इंच रुंद छापून 3 मीटरवरून बघा. क्षणात वाचता आलं, तरच छपाईला द्या.