वार दुसऱ्या दिवशी पडली, तिथंच माज लांबला

"डॉक्टर, व्याल्याला चार महिने झाले, म्हैस काही माजावर येईना. एखादं इंजेक्शन देऊन टाका ना."

मी उलट विचारतो, वार (व्याल्यावर बाहेर पडणारं गर्भाचं वेष्टन) कधी पडली होती? पलीकडे जरा वेळ शांतता. "दुसऱ्या दिवशी. थोडी ओढून काढावी लागली." आणि व्यायच्या आधीच्या महिन्यात गव्हाणीत काय होतं? "कडबाच की. भाकड होती, दूध कुठं देत होती?"

माझं निदान निम्मं इथंच होतं. माज, म्हणजे गाभण राहण्याची वेळ, येत नाही ही तक्रार चार महिन्यांनी आली, पण तिचं मूळ भाकड काळात आहे. म्हणून हा सल्ला माज न येणाऱ्या म्हशींसाठी नाही. ज्या म्हशी आत्ता, उन्हाळ्याच्या शेवटी, नवव्या-दहाव्या महिन्यात आहेत आणि पावसात वितील, त्यांच्यासाठी आहे.

बऱ्याच म्हशी पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या तोंडावर वितात. म्हणजे पोटातलं पारडू सगळ्यात झपाट्याने वाढतं ते दोन महिने नेमके कडक उन्हाचे आणि हिरव्या चाऱ्याच्या टंचाईचे येतात. जो काही हिरवा चारा असतो तो दुभत्या जनावरापुढे पडतो, आणि भाकड म्हशीच्या वाट्याला उन्हात पांढरा पडलेला कडबा. जीवनसत्त्व ई आणि बीटा कॅरोटीन हिरव्या पानात असतं. वाळताना ते झपाट्याने उडून जातं आणि वर्षभर गंजीत पडलेल्या कडब्यात नावालाही उरत नाही.

त्याचा माजाशी संबंध असा. व्यायच्या सुमारास म्हशीचं खाणं घटतं आणि त्याच वेळी दुधाची तयारी सुरू होते. खाण्यातून भागत नाही म्हणून ती अंगातली चरबी जाळते. चूल भडकवली की धूर होणारच. तसा शरीरातही धूर होतो. शास्त्रात त्याला मुक्त कण म्हणतात. हे कण पेशींच्या आवरणावर हल्ला करतात. जीवनसत्त्व ई ते आवरण सांभाळतं. सेलेनियम, जस्त, तांबं आणि मँगनीज हे ज्या विकरांचे (एन्झाइमचे) भाग आहेत ती विकरं मुक्त कणांचा निकाल लावतात. ही फळी दुबळी झाली की सगळ्यात आधी पांढऱ्या पेशी ढेपाळतात. वार गर्भाशयापासून सुटायला याच पेशी लागतात, आणि व्याल्यानंतर आत शिरलेले जंतू मारायलाही याच. त्यामुळे वार अडकते, मग गर्भाशयाला सूज, मग पू, आणि माजाचं चक्र मागं पडतं. कासदाहाचा, म्हणजे कास सुजण्याचा, धोकाही याच दिवसांत वाढतो.

म्हशीचं दूध पांढरं का, हे कधी मनात आलंय? ती चाऱ्यातल्या जवळजवळ सगळ्या कॅरोटीनचं जीवनसत्त्व अ करून टाकते, त्यामुळे दुधात पिवळेपणा उतरत नाही. म्हणजेच दुधाच्या रंगावरून तिला हिरवं कमी पडतंय हे कधीच कळणार नाही. गव्हाणच बघावी लागते.

आता करायचं काय? भाकड म्हशीला रोज निदान 8-10 किलो हिरवा चारा द्या. लसूणघास असेल तर उत्तम. मका, हत्ती घास, शेवग्याचा पालाही चालेल. मुरघासावर (हवाबंद मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्यावर) भागवत असाल तर त्यात जीवनसत्त्व ई कमी झालेलं असतं हे लक्षात ठेवा. पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर एकदम सोडू नका. ते पाणीदार असतं, शेण पातळ होतं. कुट्टीत मिसळून वाढवत न्या.

खनिज मिश्रण रोज 50 ग्रॅमच्या आसपास, भाकड असली तरी. व्यायच्या आधीचे तीन आठवडे खुराक हळूहळू वाढवा. मात्र याच तीन आठवड्यांत कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. त्याने व्याल्यावर दुग्धज्वराला, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम एकदम घटण्याला, आमंत्रण मिळतं. आणि म्हैस गोल गरगरीत करण्याचा नाद सोडा. जास्त चरबीची म्हैस व्याल्यावर कमी खाते आणि जास्त चरबी जाळते.

एक गोष्ट फारशी कुणी बघत नाही, ती म्हणजे खवट पेंड. पेंडेची चिमूट बोटांत चुरून वास घ्या. जुन्या तेलासारखा उग्र वास आला तर ती गाभण म्हशीला नको. खवट झालेली चरबी जीवनसत्त्व ई खाऊन टाकते. तुम्ही एका हाताने देता आणि पेंड दुसऱ्या हाताने काढून घेते. भाताचा कोंडा तर ओलसर उष्ण हवेत काही दिवसांतच खवट होतो. बुरशी आलेल्या चाऱ्याबद्दल वेगळं सांगायला नको.

म्हशीची कातडी काळी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे ऊन तिला गाईपेक्षा जास्त लागतं. दुपारी सावली, दिवसातून दोन-तीनदा अंगावर पाणी किंवा डुंबायला सोडणं हाही अँटिऑक्सिडंटचाच, म्हणजे मुक्त कण आवरण्याचाच, उपाय समजा. उष्णतेचा ताण मुक्त कण वाढवतो.

जीवनसत्त्व ई आणि सेलेनियमचं इंजेक्शन व्यायच्या तीन-चार आठवडे आधी देतात. जिथं हिरवा चारा खरोखर नाही, किंवा मागच्या वेताला वार अडकली होती, तिथं मी ते देतो. पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. सेलेनियम लागतं अगदी थोडं, आणि जास्त झालं की विष होतं. शेपटीचे केस झडतात, खूर तडकतात. काही जमिनींत, म्हणून तिथल्या चाऱ्यातही, ते मुळात जास्त असतं. इंजेक्शन घेतलं आणि वर सेलेनियमची पावडरही सुरू ठेवली, असं करू नका.

व्याल्यावर वार 8 ते 12 तासांत पडायला हवी. नाही पडली तर ओढू नका, दगड बांधू नका, डॉक्टरांना बोलवा. ओढलेल्या वारेचे तुकडे आत राहतात.

मग तारीख लिहा. म्हैस साधारण 310 दिवस गाभण असते, म्हणून दर तेरा महिन्यांनी वेत हवं तर व्याल्यापासून 90 दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. 10 ऑगस्टला व्याली तर शेवटची तारीख 8 नोव्हेंबर. दिवस लहान होऊ लागले की म्हशीचा माज खुलतो, तेव्हा हा काळ निसर्गतःच तिच्या बाजूचा आहे. तो हुकला आणि ऊन वाढलं, तर माज पुढच्या पावसाळ्यापर्यंत लांबू शकतो.

व्याल्यानंतर 45 व्या दिवसापासून पहाटे आणि रात्री उशिरा गोठ्यात एक फेरी मारा. म्हशीचा माज बहुतेक मुका असतो, म्हणजे बाहेरून फारसा कळत नाही, आणि अंधारातच जास्त दिसतो. गाईसारखा सोट (माजातला चिकट स्राव) लोंबत नाही. बसलेली म्हैस उठल्यावर मागच्या जमिनीवर चकचकीत ओल दिसते. थोडं थोडं मुतते, धार देताना पान्हा चोरते. माज दिसल्यापासून 12 ते 18 तासांनी रेतन (गाभण राहण्यासाठी वीर्य भरणं). पहाटे दिसली तर संध्याकाळी, रात्री दिसली तर सकाळी. सोट काचेसारखा स्वच्छ हवा. त्यात पांढऱ्या गुठळ्या दिसल्या तर त्या माजाला रेतन करू नका, आधी गर्भाशयाचा उपचार.

60 दिवस झाले आणि काहीच दिसलं नाही तर तपासणी करून घ्या, चार महिने वाट बघू नका. तिथं बीजांडावर गाठ निघेल, जुना पू निघेल, किंवा म्हैस नुसतीच वाळलेली असेल. त्यातलं काहीही जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनने सुटत नाही, आणि मीही ते तेवढ्यासाठी देत नाही.