रामदास बोटीतल्या माणसांना आठवायचं तर असं जा

मुंबईत डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरा, चालत भाऊचा धक्का. 17 जुलैला सकाळी 8 च्या आत पोचा, कारण 1947 ला रामदास ही प्रवासी बोट तेव्हाच अलिबागकडच्या रेवसला सुटली होती, त्या दिवशी गटारी, त्यामुळे गावी निघालेल्यांनी बोट खच्चून भरलेली. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आली, सगळे एका बाजूला धावले आणि बोट कलंडली, 600 च्या वर माणसं गेली! रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी पाण्यात फेकून लोकांना ओढून घेतलं असं जुनी माणसं सांगतात.

चप्पल रबरी घाला, धक्क्यावर बर्फाचं पाणी न् खवले असतात. फुलं सुटी टाका, प्लास्टिकची पिशवी परत आणा प्लीज. आजीला नेणार असाल तर छत्री नको, वाऱ्यात उलटते, रेनकोटच बरा.