वसाहतीसाठी फेरीयान आखताना

चंद्रावरच्या वसाहतीसाठी फेरीयान, म्हणजे पुन्हा पुन्हा ये-जा करणारं यान, आखायचंय? मग कागद घेतलात की आधी प्रवासाचे तुकडे पाडा: पृथ्वी ते कक्षा, तिथून चंद्राची कक्षा, मग चंद्राची जमीन. प्रत्येक टप्प्याला वेगळं यान. माझ्या पहिल्या आराखड्यात एकच पंखवालं यान थेट चंद्रावर उतरत होतं. जिथे हवाच नाही तिथे पंख म्हणजे नुसतं ओझं!

खरा घोळ दुरुस्तीत असतो, तिथे घाई करू नका. अमेरिकेच्या स्पेस शटल या फेरीयानांची १९८१ ते २०११ मध्ये १३५ उड्डाणं झाली. पण एकेका यानावर २० हजारांहून जास्त उष्णतारोधक फरशा, आणि त्यांचे आकार निरनिराळे. एक निखळली की नेमकी तिच्याच मापाची दुसरी हवी. म्हणून मापं मोजकीच ठेवा. इंजिन न उतरवता आत हात घालता येईल अशी झाकणं द्या.

इंधन कक्षेत भरायची सोय धराच.