सी अर्चिनच्या अंड्यांचा श्वास मोजताय? पहिली १५ मिनिटं हिशोबात धरू नका

सी अर्चिन म्हणजे समुद्रातला काटेरी गोल प्राणी. त्याच्या अंड्यातले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, किती काम करतायत हे बघायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे अंडी ऑक्सिजन किती खातात ते मोजायचं. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्गने इटलीत नेपल्सला हेच केलं आणि 1908 मध्ये छापलं, फलनानंतर वापर जवळजवळ सहापट वाढलेला दिसला त्याला. पण ही सगळी वाढ मायटोकॉन्ड्रियाची नाहीये, खरी गोची इथेच आहे.

मी कॅलिफोर्नियाच्या जांभळ्या अर्चिनबद्दल सांगतोय, सगळं काम 15 अंशाच्या आसपास करायचं. तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून 0.5 मोलर पोटॅशियम क्लोराइड आत सोडा आणि हलकेच हलवा, थोड्या वेळात पाठीकडून पांढरं आलं तर नर, पिवळट केशरी आलं तर मादी. मादी काठोकाठ भरलेल्या बीकरवर पालथी ठेवा, अंडी आपोआप तळाशी बसतात. नराचं शुक्र मात्र कोरडंच बर्फावर ठेवायचं, पाणी लागलं की लवकर बाद होतं.

अंडी गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात दोन-तीनदा धुवा. मग चिमूटभर अंडी फलित करून मायक्रोस्कोपखाली बघा, शंभरातल्या ९५ भोवती तरी पडदा उठलेला दिसला पाहिजे, नाहीतर ती बॅच सरळ फेका, तिच्यावर दिवस घालवू नका.

आता पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड. चेंबरमध्ये बुडबुडा नको, आणि ढवळणारा मॅग्नेट अगदी हळू फिरवा. मी पहिल्यांदा फुल स्पीडला टाकला होता, ग्राफ मधेच झोपला म्हणून झाकण उघडलं तर आत अंडी नाहीत, केशरी सूप!

आधी फलन न झालेल्या अंड्यांचा दर घ्या. मग त्यातच एफसीसीपी (मायटोकॉन्ड्रियाचं व्होल्टेज घालवून त्यांना पूर्ण वेगाने ऑक्सिजन खायला लावणारं रसायन) थोडं थोडं टाकत जा, दर झपकन वर जातो. म्हणजे मायटोकॉन्ड्रिया बिघडलेले नव्हते, गाडी न्यूट्रलवर उभी होती एवढंच. शेवटी मायटोकॉन्ड्रियाचा श्वास बंद पाडणारं अँटिमायसिन ए टाका, त्यानंतर जो वापर उरेल तो मायटोकॉन्ड्रियाचा नाही, तो वजा करायचा.

फलनासाठी ताजी अंडी घ्या. शुक्र टाकल्यावर ऑक्सिजन एकदम धाडकन खाली येतो, त्यातला बराचसा हायड्रोजन पेरॉक्साइड बनवण्यात जातो आणि त्याच्या जोरावर अंड्याभोवतीचा पडदा कडक होतो. म्हणून साधारण १५ मिनिटं जाऊ द्या, रेघ स्थिर झाली की तिथला उतार घ्या. सायनाइडने मायटोकॉन्ड्रियाचा श्वास बंद करूनही ही भानगड सुटत नाही, ते पडदा कडक करणारं एन्झाइम पेरॉक्सिडेजसुद्धा बंद पाडतं, शिवाय जिवाला धोका तो वेगळाच.

मायटोकॉन्ड्रियाच्या व्होल्टेजमुळे त्यांच्यात जमणाऱ्या रोडामाइन 123 या चमकणाऱ्या रंगाने अंडी रंगवून बघणार असाल तर एक न रंगवलेलं अंडंही शेजारी ठेवा, कारण बलक स्वतःच थोडा चमकतो. आणि एफसीसीपी टाकल्यावर चमक उतरली नाही तर तुम्ही जे बघताय ते मायटोकॉन्ड्रियाचं व्होल्टेज नाही.