यंत्रमागाला वंगण देताना

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांतले वंगणतेल पातळ होते, आणि फिरता दांडा व बुश (दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी) यांच्यामधला तेलाचा थर टिकला नाही की धातूवर धातू घासून झीज सुरू होते. डब्यावरचा ३२, ४६ किंवा ६८ हा आयएसओ व्हीजी अंक ४० अंश सेल्सिअस तापमानाला तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, किती आहे हे दाखवतो. अंक मोठा तितके तेल दाट. तरीही माग बनवणाऱ्याने सांगितलेला अंक मनाने बदलू नये, कारण गरजेपेक्षा दाट तेल अरुंद फटीत नीट पोचत नाही आणि मोटरवरचा भार वाढवते. माझ्या मते आपल्याकडे उन्हापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे सुताची तूस. ती तेल शोषते, धूळ धरून ठेवते आणि तेलाच्या छिद्रावर काळपट, चिकट गोळा होऊन बसते. म्हणून माग बंद करून आधी ब्रशने व कोरड्या फडक्याने छिद्र साफ करावे, मगच थोडे थोडे तेल सोडावे. चिमटीत चोळून पाहिल्यावर कचकच लागणारे तेल पुन्हा वापरू नये.